बरडावरचं कुंपन

पन बाबा, त्या दिवसानंतर तुमी मले कुंपनाले हातच काऊन लावू देल्ला नाई? सारं गाव वांकिडीहून बैलगाड्यांनी रोपं आनून बरडावर लावे, भोवती काटेरी फांद्या बांधे, अन् मी पुढं झालो की तुमी म्हना, "तू शेळ्या राख." पोरं हासत. मी दात खात राह्यलो.

गावामागचं ते मुरमाड टेकाड, आपलं बरड, पार बोडकं झालं होतं. माती नाल्यात चालली होती, विहिरी माघातच तळाले जात. म्हनून गावानं बांबू अन् शिरस लावले. तीन वर्सं चराई बंद. ज्याचं जनावर आत सापडन, त्याच्या घरानं महिनाभर रोपायले पानी वाहाचं. नियम तुमीच सांगितला, राखनदार बी तुमीच. त्या सकाळी आपली काळी शेळी नुकतीच व्यालेली, थानात थेंब नाई, पिल्लं वरडून राह्यलेली. मी फाटकाची दोरी सोडली, शेळी आत घातली, मागून गाठ मारली. दुपारी नेईन म्हनलं. त्याआधीच ती सापडली. रोपाच्या दोन ओळी शेंड्यापासून खाल्लेल्या.

"राखनदाराची शेळी लय हुशार," पाटील म्हनाले. "सोताच दोरी सोडून गेली अन् मागून बांधून बी घेतली."

लोक हासले. तुमी गाठीकडं पाह्यलं. कोनी जवळ येयाच्या आधी ती सोडली अन् म्हनलं, "मीच घातली. दंड घ्या."

राखनदारी गेली. चैताच्या उन्हात महिनाभर तुमी पान्याची कावड घेऊन बरड चढले, खांद्याले फोड आले, पन मले रागावले बी नाई. मी समजलो, शेळी आईनं घातली असा तुमाले संशय हाये. तरी खरं सांगितलं नाई.

इथं सुरतेत मी कापडाच्या मागावर कामाले हाओ. धागा तुटला की गाठ मारतो. परवा मुकादम म्हने, "तू बाएँ हाथवाला है ना? तेरी गाँठ दूर से पहचान में आती है." माह्या हात तिथंच थांबला. गावात डाव्या हाताचा मी एकटाच होतो, बाबा. मी कुंपन बांधलं असतं तं ती गाठ साऱ्या गावानं पाह्यली असती.

तुमी आता नाई, म्हनून हे पत्र कुठंच टाकत नाई. आईनं कोनाकडून लिवून पाठवलं, यंदा बरडाच्या खालच्या अंगाले बी रोपं लावली, पन पानी वाहाले मानूस भेटत नाई. पानी वाहनाऱ्या मानसाची महिनाभराची मजुरी मनिऑर्डर करून राह्यलो. काऊन, ते तिले अजून सांगता आलं नाई. फारमावर नुसतं लिवलं, चारशे पन्नास रुपये.