डॉक्टर काजळीच्या बाजूने

२ मार्च, सकाळी ७

आजपासून रोजनिशी. जगात माझं शांतपणे ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही, आणि वही मधेच तोंड घालत नाही.

काल ‘डॉक्टर काजळी’चा ट्रेलर आला. सिनेमा अठ्ठावीसला. एकवीस वेळा पाहिला. काजळी शहरातले सगळे दिवे विझवतो आणि हसतो. झालं, लोकांनी ठरवून टाकलं की दुष्ट आहे. माझ्याकडे मूळ कॉमिकचा चौदावा अंक आहे, शाळेत असल्यापासूनचा. पान अडतीस. काजळी गच्चीवर उभा राहून म्हणतो, “रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट, या शहराची चिंता!”

चिंता! दुष्ट माणसाला कधी चिंता असते का? दुष्टांना छान झोप लागते. आमच्या दुकानाच्या मालकाला लागते तशी.

संकल्प: सिनेमा येईपर्यंत माझा सिद्धांत ग्रुपवर संपूर्ण मांडायचा. आणि मेहुण्याशी वाद घालायचा नाही. त्याची तेवढी लायकी नाही.

३ मार्च

मेहुण्याशी वाद घातला.

हा बायकोचा धाकटा भाऊ. गाडी चालवायला शिकवतो. मी मनात त्याला क्लच म्हणतो, कारण कुठल्याही विषयावर तो हळूहळू क्लच सोडायला सांगतो. कॉमिकवाल्यांच्या ग्रुपवर मीच त्याला घेतलं, ही माझी मोठी चूक. त्याने लिहिलं, काजळीला दुष्टपणा आवडतो म्हणून तो दुष्टपणा करतो, विषय संपला. एकोणपन्नास लाइक. मी नऊशे शब्दांत उत्तर दिलं. तीन लाइक. त्यातला एक दुकानाच्या अकाउंटवरून मी दिला, आणि एक संध्याकाळी काढून घेण्यात आला.

मुलगी माझ्या बाजूने आहे. अठरा वर्षांची, पण अक्कल माझ्यावर गेलीय. म्हणाली, बाबा, तू लिही रे, मी वाचते. अठ्ठावीसला पहिला शो आम्ही दोघं एकत्र बघणार हे तिने स्वतः ठरवलंय. क्लचला बोलवायचं नाही हे मी ठरवलंय.

५ मार्च, दुपारी, दुकानात

प्रचंड शोध!

चौदावा अंक पुन्हा तपासला. पान छत्तीस: नायक कॅप्टन लखलखच्या गालावर तीळ. आधीच्या तेरा अंकांत कुठेही तीळ नाही. पान अडतीस: ‘चिंता’वरचा अनुस्वार. पान चाळीस: निरभ्र आकाशात एकच लांबचा पक्षी. पान बेचाळीस: भिंतीत खिळा. चारही ठिपके पानाच्या डाव्या कडेपासून चार बोटांवर, वरून एक वीत. योगायोग असा फूटपट्टी लावून होत नसतो. लेखकाने जाणूनबुजून खूण सोडलीय. वाचणाऱ्याला नजर हवी.

मालक म्हणाले, नजर काउंटरवर ठेवा, गिऱ्हाईक उभं आहे. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या चष्म्यांच्या लेन्स घासतोय, आणि मला नजरेचे धडे! शिवाय माझी चाळिशी कुठेय असंही विचारलं. मला चाळिशीची गरज नाही. अक्षरं हल्ली बारीक छापतात.

८ मार्च

क्लच दुकानात आला. पुसलेल्या काचेसारखा लख्ख हसत. नंबर वाढलाय म्हणे, लांबचं धूसर दिसतं. नवीन लेन्सचा दुसरा चष्मा हवा. मग तिथेच, गिऱ्हाइकांसमोर, म्हणाला की भावोजी, माझ्याकडच्या अंकात ‘चिता’ लिहिलंय हो, अनुस्वार नाही. शहराची चिता!

अंगाचा तिळपापड झाला. पण मी व्यावसायिक माणूस. शांतपणे त्याची फ्रेम जरा जास्त घट्ट केली.

त्याची प्रत दुसऱ्या आवृत्तीची असणार. घाबरट प्रकाशकाने अनुस्वार काढला असणार. संध्याकाळी हे लिहून टाकलं. कोणीतरी हसणारं तोंड टाकलं. नाव लक्षात ठेवलंय.

११ मार्च

लेखाचा तिसरा भाग टाकला. यात हुकमाचा एक्का: ‘काजळी’ची अक्षरं फिरवा. का-ज-ळी. का-ळ-जी. काळजी!! सत्तर लाइक. सत्तर! लोक म्हणाले, काय भाषेचा अभ्यास! मी नम्रपणे लिहिलं, की वर्षानुवर्षांचं चिंतन आहे.

मुलगी जेवताना म्हणाली, बाबा, हे तर माझं आहे. सहा वर्षांची असताना तिला काजळीची भीती वाटायची, रडायची. जीभ वळायची नाही म्हणून डॉक्टर काळजी म्हणायची. मग मी तिला हा अंक दाखवून सांगितलं होतं, की बघ, तो वाईट नाही, त्याला सगळ्यांची काळजी आहे.

असेल. पण शब्द उच्चारणं वेगळं आणि सिद्धांत मांडणं वेगळं.

१३ मार्च

क्लचच्या लेन्स तयार. काम उत्कृष्ट झालंय. पाकिटावर त्याचं नाव आणि ‘तयार, १३ मार्च’ लिहून माझ्या खालच्या ट्रेमध्ये ठेवलं.

तेवढ्यात ग्रुप पाहिला. क्लचने लिहिलंय, काळजी उलटं वाचलं की काजळी होतं, मग आमच्या भावोजींना उलटं वाचलं की काय होतं? शंभर लाइक.

लेन्स दिल्या नाहीत. सुडासाठी नव्हे. एकदा नीट तपासून घ्याव्यात. डोळ्यांचा मामला आहे, घाई नको. मला त्याच्या डोळ्यांची चिंता आहे.

१६ मार्च

क्लचचा फोन. चष्मा झाला का? सांगितलं, लेन्स बाहेरून यायच्यात. तो म्हणाला, सावकाश होऊ द्या भावोजी, जुना आहे ना, चालवतो तसंच.

आगाऊ. याला कसलीच तक्रार करता येत नाही. माणसाने थोडी तरी तक्रार करावी, म्हणजे समोरच्याला बरं वाटतं.

१८ मार्च

वाईट दिवस. मुलीने अंक मागितला, चौथ्या भागासाठी चांगला फोटो काढून देते म्हणाली. पान अडतीस खिडकीपाशी धरलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मग मला बोलावून दाखवलं. अनुस्वारातून उजेड येत होता.

भोक आहे. कसर लागलीय. किड्याने छत्तिसाव्या पानापासून बेचाळिसाव्यापर्यंत सरळ बोगदा पाडलाय. तीळ, पक्षी, खिळा, सगळं एकाच किड्याचं.

ती हळूच म्हणाली, बाबा, मी कोणाला सांगणार नाही. पण तू पोस्ट काढून टाक.

मी म्हटलं, किडा नेमका ‘चि’वरच का गेला? याचं उत्तर आहे का तुझ्याकडे? तिने अंक मिटून माझ्या हातात दिला.

१९ मार्च

चौथा भाग टाकला. कसरीचा उल्लेख टाळला, विषयांतर होतं. शेवटी एक ओळ घातली, की माझ्या घरातही मामाचे हेर आहेत. कोणाचंही नाव घेतलं नाही.

मुलगी ग्रुपमधून बाहेर पडली. परीक्षा जवळ आल्यात, अभ्यासाला लागली असावी.

२१ मार्च, संध्याकाळी ६

क्लचने कहर केला. मुलगी त्याच्याकडे गाडी शिकते. आज तिला शेजारी बसवून रिव्हर्स कसा घ्यायचा ते दाखवत होता, आणि गाडी नेऊन दिव्याच्या खांबावर घातली. खांब दिसलाच नाही म्हणे! मुलीच्या कपाळावर हे एवढं टेंगूळ. डॉक्टरांनी तपासलं, काळजीचं कारण नाही. बायको रडली. मीही जरा बाथरूममध्ये जाऊन आलो.

ज्याला दिसत नाही त्याने लोकांच्या पोरी गाडीत बसवू नयेत. ग्रुपवर हे स्पष्ट लिहिलं. कोणीतरी बोलायलाच हवं.

रात्री जेवण गेलं नाही. पित्त असणार.

२२ मार्च

मुलगी दुकानात आली. चष्म्याचा स्क्रू ढिला झाला होता, कालच्या धक्क्याने. मी आतल्या मशीनवर होतो. तिला छोटा स्क्रूड्रायव्हर ठाऊक आहे कुठे असतो, खालच्या ट्रेमध्ये. तिने ट्रे उघडला.

माझं अक्षर पहिल्यापासून सुवाच्य. हाच माझा दोष. मामाचं नाव, ‘तयार’, तारीख.

ती आत आली, पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि विचारलं, हे नऊ दिवस इथे आहे? मी सांगायला लागलो, की लेन्सचा अक्ष पुन्हा तपासायचा होता, मामाच्या डोळ्यांची मला चिंता होती. ती कपाळाला हात लावून ऐकत राहिली. मग म्हणाली, मुद्दाम केलंत. आणि निघून गेली. स्क्रू तसाच ढिला.

‘मुद्दाम’ हा शब्द फार सैल वापरतात हल्ली.

२३ मार्च

एक चांगली गोष्ट. मुलगी मला ‘तुम्ही’ म्हणायला लागलीय. जेवायला या, तुमचा फोन वाजतोय, तुम्हाला आईने बोलावलंय. अठरा वर्षं अरे-तुरे चाललं होतं. उशिरा का होईना, संस्कार दिसले.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला खरंच कळत नाही का? हिला मत्सर. माझ्याशी हीसुद्धा आज जरा जास्तच आदराने बोलतेय.

२५ मार्च

मुलीला चिठ्ठी लिहायला घेतली. “बाळा, माझी चूक झाली.” मग वाटलं, संदर्भाशिवाय गैरसमज होईल. पार्श्वभूमी जोडली. क्लचने कधी काय लिहिलं ते तारखांसह. मग काजळीचा मुद्दा. सहा पानं झाली. पुन्हा वाचताना पहिली ओळ बाकीच्याशी जुळेना, म्हणून ती काढली.

चिठ्ठी दिली नाही. अजून संपादन बाकी आहे.

२६ मार्च

क्लचचा चष्मा मी स्वतः घरी नेऊन दिला. त्याने घातला, खिडकीतून लांबवर पाहिलं आणि म्हणाला, वा भावोजी, तुमच्यासारखा कारागीर नाही. खांबाबद्दल माझीच माफी मागत राहिला. पोरीला लागलं, मला झोप येत नाही म्हणाला.

म्हणजे मुलीने त्याला काहीच सांगितलेलं नाही. आणि हा चक्क माझे आभार मानतोय! इतका पोचलेला माणूस मी आजवर पाहिला नाही.

घरी चालत आलो. बसमध्ये जागा होती, तरी चालत आलो.

२७ मार्च

उद्या! दोन तिकिटं. सकाळी नऊचा पहिला शो, मधली रांग, अकरा आणि बारा. तिचं तिकीट तिच्या टेबलावर ठेवलं, चौदाव्या अंकात, पान अडतीस. बोलायची गरज नाही. रडत रडत काजळीचं पान उघडणारी मुलगी ती, हा सिनेमा सोडेल का? राग-बिग सगळा दोन दिवसांचा. मी ओळखतो तिला.

शर्ट इस्त्री केला.

२८ मार्च, दुपारी १

सकाळी तिचं तिकीट माझ्या बुटात होतं, घडी करून. ती सातलाच बाहेर पडली होती. बायको म्हणाली, गाडी शिकायला गेली. मामाबरोबर. टेंगूळ असताना! मी म्हटलं, ठीक आहे, रहदारीतून थेट थिएटरला येईल. दोन्ही तिकिटं खिशात टाकली.

सिनेमा पाहिला. मी म्हणत होतो तेच निघालं. शब्दशः. शेवटच्या वीस मिनिटांत काजळी सांगतो, की दिव्यांमुळे शहर आतून जळत चाललं होतं, कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून विझवले. म्हणतो, मला तुमची काळजी होती. काळजी! अख्खं थिएटर गार. मी जोरात “बघ!” म्हणून बारा नंबरकडे वळलो. तिथे माझं जाकीट होतं. मागून कोणीतरी म्हणालं, काका, गप्प बसा.

बाहेर येऊन ग्रुप उघडला. सगळ्यात वर क्लच. दुसऱ्या शहरात पहाटेच शो पाहिलेल्या कोणाकडून तरी त्याने ऐकलं असणार. लिहिलंय, मानलं भावोजींना, मी हरलो. दोनशे बारा लाइक. ही वेळ यावी म्हणून चार आठवडे घासलं. फोन खिशात टाकला.

एक गोष्ट लिहायची नव्हती. लिहितो.

आत जाताना दारावरच्या माणसाला दोन्ही तिकिटं दिली. त्याने ती पाहिली, मला पाहिलं आणि विचारलं, बरोबर कोण आहे?

महिनाभर डोक्यात दुसरा प्रश्नच नव्हता. मी ताठ उभा राहून सांगितलं, मीच.

त्याने मान वाकडी करून माझ्या मागे पाहिलं. नाही, म्हणाला, तुमच्या बरोबर कोण आहे. मीही मागे वळून पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. त्याने माझं तिकीट फाडून दिलं, दुसरं टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, आलंच कोणी तर आत सोडतो.

मी म्हटलं, सोडा.