दोन बोटं कमी

तिरुवल्लिकेणी, मद्रास
२५ ऑक्टोबर १९५८

ती. सौ. अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. इथे आम्ही तिघं बरी आहोत. जुळ्यांचा खोकला गेला का आणि तुझी कंबर आता कशी आहे, ते सविस्तर लिही. "बरं आहे" एवढं लिहून कागद वाया घालवू नकोस.

विजयादशमी छान झाली. तुळसीनं परातीतल्या तांदळात बोटानं श्री काढला आणि लगेच त्यातले चार दाणे तोंडात टाकले. म्हणाली, अक्षर पोटात गेलं की विसरत नाही. हे तिला कुणी सांगितलं, देव जाणे.

मग शेजारच्या चंद्रमौळीबरोबर तिलाही गल्लीतल्या शाळेत नेलं. तुला ठाऊकच आहे, जन्मतारीख कुणी विचारत नाही. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की मूल शाळेच्या वयाचं झालं. चंद्रमौळीचा हात पोचला. तुळसीचा दोन बोटं कमी पडला. थोडी रडली, मग विसरली.

तेव्हा तुझ्या सासूबाईंना सांग, घाई नको. जुळ्यांच्या वेळी तू अंथरुणाला खिळलीस, म्हणून दीड वर्षाची तुळसी माझ्याकडे आली, ती शाळेच्या वयाची होईपर्यंतच. हात कानाला पोचला की ती परत तंजावूरला तुझ्याकडे. मी शब्द विसरलेले नाही. पण हात पोचायला तर हवा ना! पुढच्या विजयादशमीला पाहू.

तुझी धाकटी,
कनका

*

तिरुवल्लिकेणी, मद्रास
१८ फेब्रुवारी १९५९

ती. सौ. अक्कास,

शि. सा. नमस्कार. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला, ते पुढे येईलच. आधी गंमत ऐक.

आमच्या गल्लीतली शाळा म्हणजे झावळ्यांचं छप्पर आणि तीनच भिंती. चौथीकडून वारा येतो. दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की बाई स्वतःच पेंगायला लागतात. मुलं "आना, आवन्ना" घोकता घोकता एकेक करून चटईवर कलंडतात. आवाज बारीक होत जातो, शेवटी एकाच कुणाचा तरी उरतो, आणि तोही मधली अक्षरं गाळून. मी समोरच्या खिडकीत तांदूळ निवडत बसते. खडे हातात राहतात आणि तांदूळ सुपाबाहेर जातात. अशा वेळी वाटतं, ही आजची दुपार नाहीच. तू नि मी चटईवर पडलोय, तुझी वेणी माझ्या मुठीत आहे, आणि कुणीही कधी मोठं होणार नाहीये.

चंद्रमौळीची खात्री आहे की बाई शाळेच्या कपाटात राहतात. रात्री त्यांना भूक लागेल म्हणून त्यानं कपाटात दोन मुरुक्कू ठेवले. सकाळी कपाट मुंग्यांनी भरलं. तो रडायला लागला, की बाईंना मुंग्यांनी खाल्लं. बाई मागे उभ्या होत्या, पण त्याला ते पटायला बराच वेळ लागला.

त्याच्या वर्गात एक मुलगी आहे, ती तर त्याच्या वरताण. शाळेची घंटा म्हणजे झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई त्यावर लोखंडी दांडा हाणतो. या मुलीनं एके दिवशी करवंटीतून हळद कालवलेलं खोबरेल आणलं आणि दगडावर चढून सबंध घंटेला चोळलं. घंटा पिवळीधमक! मोठ्या सरांनी दरडावून विचारलं, तेव्हा ती सरळ उभी राहिली. "सर, ती रोज मार खाते. तिचं काय चुकलं?" सर पाठ फिरवून भिंतीवरचा नकाशा बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

तू विचारशील, शेजारच्या पोराच्या वर्गातलं तुला इतकं कसं ठाऊक?

अक्का, ते तेल माझ्या स्वयंपाकघरातलं होतं. ती मुलगी तुळसी.

विजयादशमीला तिचा हात पोचला होता. नुसता पोचला नाही, तिनं सबंध कान मुठीत धरला, ओढला आणि माझ्याकडे वळून हसली. सरांनी लगेच नाव लिहून घेतलं. मी घरी आले आणि तुला लिहिलं, दोन बोटं कमी. पत्र ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. एरवी हे ऑफिसला जाताना माझी पत्रं नेऊन टाकतात, ते त्या दिवशी नेलं नाही. मीच जाऊन टाकलं.

पोंगलला तुझ्या सासूबाईंनी नारायणस्वामीकाकांना तिचा हात पाहायला धाडलं होतं, ते तुला माहीत आहेच. काकांनी ओसरीवर बसल्या बसल्या हाक मारली, "तुळसी, इकडं ये गे. हात दाखीव बघू." मी दारात उभी होते. तुळसीनं हात वर नेला, खांदा आखडला आणि बोटं बरोबर भांगावर थांबवली. "पोचत नाही, आजोबा," म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

मी शिकवलं नव्हतं, अक्का. तिनं पत्र ऐकलं होतं.

काका म्हणाले, "अजून लहानच की गे पोर." तिला उसाचं कांडं दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी पायसम् केलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं जेवण कमी झालं. दोन घास घेतले की "पोदुम्, अम्मा," आणि हात धुवायला पळायचं. वैद्यांचं चूर्ण दिलं, दृष्ट काढली. पंधरवड्यात हातातल्या बांगड्या आपोआप गळून पडायला लागल्या. मग एकदा मागच्या अंगणात तिला पाहिलं. दहीभाताचे गोळे करून ती कावळ्यांना घालत होती, अगदी मन लावून. मी विचारलं तर कुजबुजली, "जेवलं की हात लांब होतो, अम्मा. मग सगळ्यांना कळेल." दुपारी निजतानाही ती उजवा हात पोटाखाली दाबून ठेवते, वाढू नये म्हणून. मला वाटत होतं, सवय असेल.

मी तिथेच खाली बसले. तिला सांगितलं, तुझा हात पोचतो, सगळ्यांसमोर पोचू दे. अम्मा खोटं बोलली. आईला खोटं लिहिलं. ती म्हणाली, "शाळेत खोटं बोललं की कान धरून उभं करतात." मी उभी राहिले आणि दोन्ही कान धरले. तिला ते फार आवडलं. तिनंही आपला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला आणि सोडायलाच तयार होईना. शेवटी दहीभात मी भरवला. सबंध वाटी संपवली, अक्का.

पटावर बापाच्या जागी मी ह्यांचं नाव सांगितलं होतं. काल सरांकडे जाऊन भावोजींचं घालून आले. सरांनी काही विचारलं नाही. चांगला माणूस आहे.

एप्रिलमध्ये शाळा बंद झाली की आम्ही दोघं तिला घेऊन येतो. तू रागावली असशील, तर तोंडावर बोल, पण तिच्यासमोर नको. मला तिच्यावाचून जड जाणार आहे. कसं निभेल ते मला माहीत नाही, आणि तो प्रश्न तू सोडवायचा नाहीस.

दहीभातात तिला मीठ अगदी कमी लागतं. निजताना हात मोकळा आहे ना, तेवढं बघ. आणि तिकडच्या शाळेची घंटा लोखंडाची असेल, तर खोबरेलाची वाटी उंच फळीवर ठेवू नकोस. तिचा हात पोचेल अशीच ठेव.

दोन दिवस झाले, तिला नवी हाक शिकवते आहे. अजून तिच्या तोंडात बसत नाही, म्हणून आधी मीच लिहून बघते.

तुळसीची मावशी,
कनका