शेकोटीजवळची मोकळी जागा

१७ डिसेंबर

गादीची दुसरी बाजू साक्षीने धरली आणि उंबऱ्यातच सोडून दिली, कारण तिला स्वतःच्या तोंडातून निघणारी वाफ दिसली होती. सहा वर्षांच्या मुलीला एवढा शोध पुरतो. ती अंगणभर फुंकर मारत फिरली. सामान मी आणि टेम्पोवाल्या संपतने उतरवले. दोन माणसं अन् तीनच स्वेटर, हितल्या थंडीला जमायचं न्हाई, असे तो म्हणाला. त्याने स्वतः दोन मफलर गुंडाळले होते.

उपकेंद्र गावाच्या वरच्या अंगाला आहे. मागे लगेच डोंगर. दोन खोल्या कामाच्या, एक राहायची. आरोग्य अधिकारी म्हणून ही माझी पहिली नेमणूक. साक्षीचा बाबा संघपाल नोकरीमुळे नवीन जालन्यातच राहील, महिनाअखेरीस येईल. भिंती कोरड्या आहेत, नळाला पाणी आहे. मी खूश आहे.

१८ डिसेंबर

सकाळी सात अंश. ग्रामपंचायतीपुढे रोज गावाची शेकोटी पेटते. कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळतात. पंधरा-वीस माणसे गोल करून बसलेली, गुडघ्याला गुडघा लागलेला. उपकेंद्रात झाडलोट करणाऱ्या गिरिजाबाई आम्हाला घेऊन गेल्या. म्याडमनी सकाळचं पाणी पिलं का चावलं, असे म्हाताऱ्या तातेरावांनी विचारले आणि सगळे हसले.

डोंगराच्या बाजूला एका माणसापुरती जागा मोकळी होती. साक्षी गेली आणि तिथे बसली.

हसणे थांबले. मी विचारले, कोणाची जागा आहे का, उठवते तिला. तातेराव आगीकडे बघत म्हणाले, असू द्या, शेकोटीवर बसलेल्याला ऊठ म्हणत न्हाईत आमच्यात.

चांगली रीत आहे असे वाटले.

२० डिसेंबर

साक्षी रोज त्याच जागी बसते. हात शेकत नाही. दोन्ही हात मांडीवर वाकवून धरते आणि गुडघा हलवते. का, असे विचारले तर म्हणाली, बाळ झोपलंय. शाळेत मैत्रिणी नाहीत अजून, म्हणून असेल.

घरी आल्यावर तिचा फ्रॉक मांडीवर ओला होता. बर्फ ठेवावा तसा गार. ताप पाहिला: ९६.८. थर्मामीटरचा सेल बदलला. पुन्हा ९६.८.

२३ डिसेंबर

९५.१. केंद्रातल्या दुसऱ्या थर्मामीटरनेही तेच. ती कुडकुडत नाही. जेवते, खेळते. तिचे हात मात्र खेळतानाही मधेच तसे वाकतात.

आज शेकोटीवर सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. तातेरावांच्या, गिरिजाबाईंच्या, माझ्या. साक्षी बोलत होती, हसत होती. तिच्या तोंडातून काही निघत नव्हते.

घरी आणून तिच्या तोंडापुढे आरसा धरला. आरसा स्वच्छ राहिला.

२४ डिसेंबर

जीपने तालुक्याच्या दवाखान्यात निघालो. घाटाच्या दुसऱ्या वळणावर तिचा श्वास थांबला. मी मोजले. चाळीसपर्यंत. ड्रायव्हरने न विचारता गाडी वळवली.

वर चढू लागलो तसा श्वास आला. डोळे उघडून म्हणाली, बाळाला घाट उतरता येत नाही, आई.

ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. आमच्या तोंडाकडेही पाहिले नाही.

२५ डिसेंबर

शेकोटीवर नेले नाही. दाराला कडी लावली. ती भिंतीकडे तोंड करून बसली, मांडी घालून. ९२.६.

गिरिजाबाई आल्या. दारातच बसून सांगितले. त्या पोर होत्या तेव्हाची गोष्ट. अशीच थंडी. एक परकी बाई घाट चढून आल्ती, कडेवर लेकरू. शेकोटीवर माणसं दाटून बसलेली. सरका जरा, म्हणली. कोणी सरकलं न्हाई. मंग म्हणली, मी राहते उभी, लेकराला तरी मांडीवर घ्या. कोणी हात पुढे केला न्हाई. सकाळी दोघं शाळेमागं सापडली.

तेव्हापासून ती जागा मोकळी ठेवतात. तेव्हापासून बसलेल्याला उठवत नाहीत. तिथे जो बसेल त्याच्या मांडीवर लेकरू येते. दुसऱ्या कोणी आपणहून हात पुढे केले तरच ते उतरते.

मी विचारले, पहिल्या दिवशी का नाही बोललात. त्या म्हणाल्या, ऊठ कसं म्हणायचं, बाई. ते तोंडातून निघतच न्हाई.

मी विचारले, तुम्ही घ्याल का ते लेकरू.

त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

आज तातेरावांना विचारले. संपतला विचारले. आणखी चार घरी. कोणी तयार नाही. गावात एवढ्या मांड्या —

२६ डिसेंबर

आकडा येत नाही. थर्मामीटरवर दोनच इंग्रजी अक्षरे — लो. नव्वदच्या खाली ते मोजत नाही.

नखे निळी. ती हसते आहे. म्हणाली, बाळ आता जड झालंय.

संघपालला फोन केला. उद्या सकाळी पोहोचतो. उद्यापर्यंत —

नाही.

संध्याकाळ. तिला उचलून शेकोटीवर नेले. तिच्या जागी बसवले. सगळे होते. मी मोठ्याने म्हणाले, सरका. सगळे उठूनच गेले. लाज वाटली असेल, किंवा भीती.

मी साक्षीपुढे बसले. हात पुढे केले. दे, म्हणाले.

तिने विचारले, तुला धरता येईल?

सुरुवातीला काहीच वाटले नाही. मग वजन —

डोके माझ्या कोपरात. ओले केस. डोंगराकडे तोंड —

२७ डिसेंबर, सकाळ

साक्षीचे ९८.४. तोंडातून वाफ निघते आहे. दूध मागितले, प्याली.

माझे लो.

संघपाल आता आला. साक्षी त्याच्या गळ्यात पडली. माझा आवाज निघत नाही, म्हणून इथे लिहून दाखवते आहे: हिला घेऊन आत्ताच्या आत्ता घाट उतर. माझ्याजवळ येऊ नकोस.

तो वाचत नाही. माझा डावा हात बघतो आहे. काय धरून बसलीयस, विचारतो. हात अवघडलाय तुझा. जड आहे का. आण इकडे.

संघपाल, वाच. हात पुढे करू न