फुलोऱ्यातली थंडी

ऐरोली,
१८ फेब्रुवारी २०२४

चि. क्षिप्रा,

अण्णाचे आशीर्वाद, तुला आणि तुझ्या प्रयोगशाळेच्या काचघरातल्या गव्हालाही. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, तेवढं चालायचंच.

तुला एक विचारायचं आहे. फोनवर तू "गोळी घेतली का" म्हणतेस, मी "घेतली" म्हणतो आणि विचारायचं राहून जातं. म्हणून पोस्टानं लिहितोय. आधी मी केलेल्या गव्हाच्या प्रयोगाचं सांगतो, मग तिकडे वळतो.

दिवाळीत आलीस तेव्हा तू मला समजावलंस, की गहू लहान असताना थंडी सोसतो. गार हवा लागत गेली की अंगातल्या अंगात गोधडी शिवतो, आणि ते शिवणकाम त्याच्या जनुकांत असतं. पण फुलायची वेळ आली की दुसरं एक जनुक जागं होतं आणि ती गोधडी काढून ठेवायला लावतं. नेमकी तेव्हा थंडी पडली तर झाड हिरवंगार राहतं आणि ओंबी पोचट निघते. गोधडी तुझ्या पुस्तकात नाही, माझी आहे. दाणाबाजारात मी जन्मभर हिशेब लिहिणारा मेहताजी होतो. पोत्यात टोकदार परखी खुपसून नमुन्याचा गहू काढून तळहातावर किती पाहिला असेल. पण हा आधी फूल होता, हे कधी मनातच आलं नाही.

तर तू गेल्यावर गॅलरीत रंगाच्या डब्यांत गहू पेरला. एक डबा आधी, एक बराच उशिरा. पहिला फुलोऱ्यात आला तेव्हा दुसरा नुसतं गवत होता. थंडी कुठून आणायची? आपल्या ऐरोलीत जानेवारीतही पंखा लागतो. मग चौथ्या मजल्यावरच्या जयमालाबाई आठवल्या. त्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्याकडे पेटीसारखा मोठा फ्रीजर आहे.

"मेहताजी, माझ्या पोळ्यांशेजारी माती?"

"डबा पिशवीत बांधलाय."

"आणि गिऱ्हाइकाच्या पोळीला कोंब फुटला तर?"

असं म्हणत त्यांनीच पोळ्या एका बाजूला सारल्या. लहान रोपाला मी आधी साध्या फ्रिजमध्ये थंडीची सवय लावली होती. मग दोन्ही डबे थोडा वेळ आत तिरके ठेवले, झाकण लावलं, आणि आत कोणी झोपलंय अशा बेतानं हळू बोलत आम्ही चहा घेतला.

लहान रोप मलूल झालं आणि दोन दिवसांत उठून उभं राहिलं. मोठं रोप मात्र काही झालंच नाही अशा थाटात हिरवं. परवा जयमालाबाईंनी त्याची ओंबी तळहातावर चोळली, तर नुसता कोंडा. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग यानं फुलायलाच नको होतं का हो?"

फुलोऱ्यातही थोडी गोधडी अंगावर ठेवणारं वाण तू शोधतेस ना? सापडलं का गं?

काल दुपारी डोळा लागला. सगळा दाणाबाजार पांढरा झालेला, पोत्यांवर दव गोठलेलं. हमाल अनवाणी चाललेत, पण पावलांचा आवाज नाही. पोत्यांच्या शिवणीतून ओंब्या वर आलेल्या. वजनकाट्याजवळ तुझी आई बसलेली, अंगावर साधी सुती साडी. मला म्हणाली, "एवढं पांघरून बसलाय, उकडत नाही का तुम्हाला?" मी उत्तर देणार तोच जाग आली. खाडीवरून वारा येत होता आणि गुलाबी पक्ष्यांची एक ओळ वळण घेऊन हवेत विरघळत होती. बराच वेळ मला कळेना, मी कुठल्या बाजूला आहे.

तुझी आई गेल्यापासून मी थंडीला सरावलो होतो. एका माणसाचा कुकर, एक कप चहा. वाईट काही नव्हतं. दुखतही नव्हतं.

जयमालाबाईंचं नाव या पत्रात फार वेळा आलं, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. आम्ही लग्न करावं म्हणतो. त्यांचंच म्हणणं, "आधी पोरीला विचारा. तिनं नाही म्हटलं तर मी आपली पोळ्या देत जाईन, दारातूनच." हे बोलताना त्या पीठ चाळत होत्या, वर पाहिलं नाही. आणि मी, या वयाचा माणूस, जिना उतरताना कठड्याला धरून उभा राहिलो.

तुझ्या आईच्या जागेवर कोणी येत नाहीये. हे मी तुला पटवायला लिहीत नाही, ते तसंच आहे म्हणून लिहितो. तरी तुला लागेल, हे मला कळतं. राग आला तर फोन करून भांड. रड. काय वाट्टेल ते बोल. फक्त गप्प बसू नकोस, पोरी. तूच सांगितलं होतंस, वारा सुटलेल्या रात्री दव गोठत नाही. ते गोठतं ते सगळं शांत असतं तेव्हा.

आणि आत्ता माझ्या अंगावर गोधडी नाही.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारा,
अण्णा