झाकण नाही, भोक मोज

प्रिय वेंडेल,

घरातल्या जमिनीतून गरम हवा सोडणाऱ्या सगळ्या जाळ्या आता चपखल बसल्या आहेत, तेव्हा आधी शाबासकी. तुला नव्हे, मला. तू मागवलेला पहिला खोका आठवतो ना? जुन्या जाळीच्या बाहेरच्या कडेला टेप लावून तू मापं घेतलीस आणि सहा बाय बारा इंचांच्या जाळ्या आल्या. एकही भोकात शिरेना. तुझ्या बाबांनी उभी हयात मिनेसोटातल्या लोकांच्या तळघरांत घर गरम करणाऱ्या भट्ट्या आणि त्यांची हवा खोल्यांत नेणारे पत्र्याचे डक्ट बसवण्यात घालवली. ‘झाकण नाही रे, भोक मोज,’ हे त्यांनी तुला शंभरदा सांगितलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मीच टेप घेऊन गुडघ्यांवर बसले.

तुझी नोकरी गेली तेव्हा तू आणि ऱ्होंडा, नवराबायको दोघं, थोड्या दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आलात, त्याला तीन हिवाळे झाले. मी कधी बोलले नाही. घरात माणसं असली की बरं वाटतं, हे खरंच. मग यंदा तुला एकाएकी रंगरंगोटी आणि नव्या जाळ्या सुचल्या. ‘बर्फ वितळेपर्यंत घर कसं चकाचक करू, आई. तुझ्यासाठीच तर करतोय!’ एवढा लाडात तू आलास, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

लहानपणी तुला वाटायचं, आईला पाठीलाही डोळे आहेत. स्वयंपाकघरात तुझ्या त्या दोस्ताच्या, डॅरिलच्या कानात कुजबुजलेली तुझी प्रत्येक लबाडी मला वरच्या खोलीत कळायची. डोळे कसले! माझ्या खोलीतल्या जाळीखालचा डक्ट स्वयंपाकघराच्या जाळीला जाऊन मिळतो. बाबा गेले आणि मी कपाट त्या जाळीवर सरकवलं. ऐकण्याजोगं काही उरलं नव्हतं.

तर तुझ्या चुकीपायी मी ते कपाट हलवलं, जाळी उचलली, टेप आत घातली. चार बाय दहा. तेवढ्यात खालून ऱ्होंडाचा आवाज आला, ‘निदान त्यांना सांगूया तरी. त्यांचंच घर आहे ना?’ आणि मग तुझा. ‘वेडी आहेस का? डॉक्टरकडे नेतो म्हणायचं आणि वृद्धाश्रमात सोडून यायचं. घर विकलं की सुटलो. तिला काय, एक खिडकी आणि वाटीभर पुडिंग दिलं की झालं. तसंही ऐकू येतंय कुठे म्हातारीला!’ आणि तू हसलास. बाबांसारखं हसतोस तू, तेच जास्त लागलं. श्रवणयंत्र माझ्या कानातच होतं, बाळा. मी जमिनीवर बसून पोटभर रडले. मग भूक लागली, म्हणून खाली आले आणि तू वाढलेलं बटाट्या-मांसाचं गरम हॉटडिश खाल्लं. ‘आणखी घे ना, आई,’ म्हणालास.

त्यानंतर मी रोज मापं घेत राहिले. एकच भोक आई किती दिवस मोजतेय, हे तुला कधी खटकलं नाही. ऱ्होंडा चर्चला गेली की तू डॅरिलला फोन करायचास. ‘पैसे हातात येऊ दे, मग ही रडकी ऱ्होंडाही नको,’ असं म्हणायचास. हेही मी ऐकलं.

आज तू गाडी गरम करून ‘डॉक्टरकडे’ न्यायला मला हाका मारशील, म्हणून हे पत्र टेबलावर ठेवलं आहे. मी सकाळीच इनेझमावशीबरोबर फार्गोला राहायला निघाले. घर मी मागच्याच आठवड्यात वकिलासमोर ऱ्होंडाच्या नावावर केलं. ते तिला ठाऊक आहे. डॅरिलच्या फोनांचं मात्र मी तिला सांगितलेलं नाही, ते तुझ्या तोंडून कळलेलं बरं. माझी खोली आजपासून तिची, आणि कपाट मी परत जाळीवर सरकवलेलं नाही.

तुझीच, चांगलं ऐकू येणारी,
आई