एका शिवेची दोन टेंगळं

मॅरिएटा, ४ मार्च १७९२

ती. थॅडिअसदादास, अ‍ॅसहेलचा शि. सा. न.

हाताला कुऱ्हाडीची सवय, म्हणून अक्षर ओंडक्यासारखं आलंय. हसू नकोस. इथं होड्या बांधतो, पण जीव रमत नाही. पुढची नदी बघावीशी वाटते.

केझायाताईच्या कुरणाच्या खटल्याला साक्ष हवी म्हणालास. सोबत पाठवतोय, दोन पानं, दोन्हींवर इथल्या न्यायाधीशाची सही. गावची मंडळी शीव फिरायला निघाली तेव्हा मी सात वर्षांचा. खूण पोरांच्या लक्षात राहावी म्हणून माझं डोकं ओढ्याअलीकडच्या ओकच्या झाडावर आपटलं. हे पहिल्या पानावर. दुसऱ्या दिवशी कळलं की झाड चुकलं! मग ओढ्यापलीकडच्या धोंड्यावर पुन्हा आपटलं. हे दुसऱ्यावर. म्हणजे खरी शीव धोंड्याशी, ओकपासून धोंड्यापर्यंतचं कुरण ताईचंच. एका शिवेपायी दोन टेंगळं आली बघ!

तू वकील आहेस, म्हणजे ताईला घोर नाही. आपल्या तिघांत माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुझा अ‍ॅसहेल


हार्टफर्ड, २० मे

चि. अ‍ॅसहेल यास अ. उ. आ.

तुझी साक्ष फार उपयोगी पडली. निकाल लागला. कुरणापलीकडचे कर्नल ट्रेडवेल तुझी आठवण काढत होते. सप्टेंबरात मला काँग्रेसवर निवडून राजधानीत, फिलाडेल्फियाला धाडायचा त्यांचा विचार आहे. केझाया जरा रुसली आहे, निवळेल. तू तिकडेच राहा, तिथं नशीब काढशील. इकडे यायची घाई नको. प्रकृतीस जपावे.

तुझा दादा


१० जून

चि. अ‍ॅसहेल,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, तरी घे.

कुरण गेलं. ट्रेडवेलच्या माणसांनी माझ्या गाई हाकलल्या. दादा ट्रेडवेलचा वकील होता, हे तुला ठाऊक असेलच. त्यानं तुझा कागद वाचला, ओकचा. जज्जांनी विचारलं, आणखी काही आहे का. तो म्हणाला, इतकंच. मी उठून ओरडले, अहो, पोराला दोनदा आपटलं होतं! लोक हसले. माझा नवरा असता तर हसले नसते. तूसुद्धा विसरलास होय रे?

केझाया


मॅरिएटा, २८ जुलै

थॅडिअस वकील यांस,

दुसरं पान कुठाय?

शाळेतून मला काढून तुला कॉलेजात घातलं तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. इथं सगळ्यांना सांगत फिरायचो की माझा दादा कोर्टात लबाडांना घाम फोडतो. तू खोटंही बोलला नाहीस, नुसतं अर्धं वाचलंस. ही विद्या कॉलेजातच मिळत असेल. आणि ताईला वाटतंय, मीच तिला विकलं.

आज काम सोडलं. पायी निघतोय, सहा आठवडे लागतील. ताईला लिहिलंय की फेरसुनावणी माग, मी तोंडानं सांगतो. तुझी निवडणूकही तेव्हाच आहे, त्याला मी काय करू? हवं तेवढं उलटसुलट विचार, मोठमोठ्या शब्दांत गुंडाळ. कागदाचं एक पान खिशात घातलंस, मला कसा घालशील?

उत्तर धाडू नकोस, मी वाटेत असेन.

तुझा भाऊ, त्याला इलाज नाही,
अ‍ॅसहेल