सदतीस अंशांवर

४ डिसेंबर
बाबांचा टीबी हा टीबी नव्हताच! वर्षभर गोळ्या खाऊन झाल्या आणि आज नागपूरचे डॉक्टर म्हणतात – सिलिकोसिस. क्रशरवर गारगोटी फोडताना उडालेली बारीक पूड फुप्फुसात बसली. औषध नाही. बाहेर बाकावर बसून बाबांना सगळं सांगितलं. ते हसले. "माया छातीत गोटे काऊन जातीन, साक्षी? रोज गूळ खाल्ला ना मी."

क्रशरवर सगळेच खातात. धूळ गुळाला चिकटून पोटात उतरते म्हणे. मुकादम हातावर खडा ठेवायचा आणि बाबा तो खायला तोंडावरचा दुपट्टा सोडायचे – तिथेच, मशीन चालू असताना. हे मला आज कळलं. भयंकर राग आला. कोणावर काढू?

११ डिसेंबर
आणि माझी पीएचडी त्याच गारगोटीतल्या सिलिकावर! चामोर्शीच्या राइस मिलमधलं धानाचं तूस आणायचं. त्यातली सिलिका कार्बनबरोबर तापवून सिलिकॉन कार्बाइड करायचं. पंधराशे अंशांपर्यंत ही सिलिकाबाई ढिम्म हलत नाही. तयार होणारा वायू सतत बाहेर ओढत राहिलं तर जरा लवकर ऐकते.

बाबा विचारत होते, "भट्टीत काय करून राह्यली तू?" सांगितलं. म्हणाले, "म्हंजे माया धंदा तू पुढं नेऊन राह्यली." मला हसू आलं, मग रडू.

१९ डिसेंबर
आज नको ते गणित केलं. भट्टी सोडून माणसाचं अंग घेतलं – सदतीस अंश. तिथे सिलिका कशाने जाईल? एक आम्ल तिला खातं, पण ते माणसाला आधी खाईल. मग नुसतं पाणी धरलं. मुक्त ऊर्जा ऋण आली! म्हणजे फुप्फुसातल्या ओलाव्यात ती आपोआप विरघळू शकते. धावत तबस्सुम मॅडमकडे गेले. माझ्या गाइड त्या. त्यांनी पेनाने ओळ न् ओळ तपासली.

"गणित बरोबर आहे, बेटा. पण ऋण म्हणजे होऊ शकतं, एवढंच. किती वेळात होईल ते यात येत नाही."

हे मीच बीएस्सीच्या मुलांना शिकवते. तरी धावले.

२ जानेवारी
बाबा आता बसूनच झोपतात. आडवं झालं की जीव घुसमटतो. आई पाठीला उशा लावत राहते.

२७ जानेवारी
बाबा गेले.

३० जानेवारी
परवा स्मशानात सगळे त्रिशरण-पंचशील म्हणत होते. चिता जळत होती आणि डोक्यात आकडे. लाकडाच्या आगीत सिलिकाला काही होत नाही. बाबा जळाले. ती तशीच राहिली असणार, राखेत. फार वाईट वाटलं. हे कुणाला सांगणार?

१६ फेब्रुवारी
कार्बाइड झालं. करडी-हिरवट पूड, हवी तशी. मॅडमनी पेढे मागवले. मी पेढा हातात धरून नुसती उभी राहिले.

४ मार्च
आईचा खोकला थांबेना म्हणून एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो दिव्यासमोर धरला. मग विचारलं, नवऱ्याचे कामावरचे कपडे कोण झटकायचं?

"मीच झटकत होती," आई म्हणाली. "रोज, आंगनात."

मी तिथेच बसून अभ्यास करायचे.